गवताला कूळ नसतं

"शून्यातून" हा शब्द कोणी माझ्यासमोर काढला की माझं टाळकं सरकतं. गेल्या महिन्यात कात्रपहून तीन पोरं आली होती. खिशात दोन दोन फोन, जमिनीच्या धंद्यात नुकतीच पडलेली. मला विचारतात, आजी, हातात पैसा नसताना तुम्ही पहिला सौदा कसा केलात, फायनान्स कुठून उभा केलात, जागा शोधायची तुमची पद्धत काय होती. एकाने तर फोन माझ्या तोंडासमोर धरला, रेकॉर्ड करायला. मी म्हटलं, ठेव तो बाजूला, नाहीतर चहा मिळणार नाही. मग त्यांना हवं होतं तेच सांगितलं: कष्ट केले, माणसं जोडली, शब्द पाळला. पोरं खूश झाली, जाताना पायाबिया पडली. त्यांच्यामागे दार लावलं आणि स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. शून्य कसलं आलंय डोंबलाचं. जमीन शून्यातून येत नाही. ती कुणाकडे तरी असते आणि त्याच्याकडून आपल्याकडे येते. आता वय झालं, खोटं बोलायचाही कंटाळा येतो, म्हणून हे लिहून ठेवते आहे.

आम्ही अंबरनाथला, शिवमंदिराकडे जाणाऱ्या वाटेवरच्या चाळीत दोन खोल्यांत राहत होतो. भाऊ, म्हणजे माझे वडील, कारखान्यात फिटर होते. पहिला भोंगा झाला की आई भाकऱ्या थापायला घ्यायची आणि दुसऱ्या भोंग्याला भाऊ डबा उचलायचे. आमच्या घरात घड्याळ नव्हतं, पण कधी कोणाला उशीर झाला नाही. आईचं माहेर वांगणीच्या पलीकडे डोंगराच्या कुशीत होतं. उन्हाळ्यात आम्ही तिकडे जायचो आणि मामाच्या पोरांबरोबर मीही डोक्यावरून कवळ वाहिलेली आहे. कवळ म्हणजे ऐनाच्या झाडाच्या छाटलेल्या फांद्या. भाताच्या रोपासाठी, म्हणजे आवणासाठी, जी पट्टी राखलेली असते, तिच्यावर शेण, ही फांदी, गवत, पालापाचोळा असे थर रचायचे आणि वैशाखात पेटवून द्यायचे. त्याला राब म्हणतात. राब भाजला नाही तर त्या जमिनीत रोप धरत नाही, आणि धरलंच तर पिवळं पडतं. या फांद्या आणि हे गवत ज्या वरच्या माळावरून येतं, त्याला वरकस म्हणतात. वरकशीवर काही पिकत नाही, पण तिच्यावाचून खालचं भातही पिकत नाही. हे मला वयाच्या आठव्या वर्षापासून ठाऊक होतं. पुढे जे झालं ते अडाणीपणातून झालं, असं मला म्हणता येत नाही, आणि राग त्याचाच आहे.

मॅट्रिक नापास झाल्यावर मी शिवणकाम शिकले आणि उल्हासनगरच्या कॅम्पात बराकीतल्या बायकांना शिकवायला जाऊ लागले. सिंधहून आलेली माणसं तेव्हा लष्कराच्या जुन्या बराकींत राहत होती, एकेका लांबलचक बराकीत गोणपाटाचे पडदे टाकून कितीतरी संसार. पडद्याच्या एका बाजूला भांडण, दुसऱ्या बाजूला बाळंतपण, आणि मध्ये माझी सहा मशिनं खडखडत. कोणाच्याही घरी गेलं तरी पाण्याआधी पापड हातात यायचा. पार्पतीबाईंचा पापड सगळ्यांत पातळ असे. त्या माझ्या वर्गातल्या सर्वांत वयस्क, नवरा वाटेतच गेलेला, दोन मुलींना घेऊन आलेल्या. त्यांना काज करायला कधीच जमलं नाही, पण हिशोबात त्यांचा हात कोणी धरला नसता. वर्गातल्या चौदा बायकांनी मिळून भिशी सुरू केली तेव्हा डबा त्यांच्याकडे होता आणि वही माझ्याकडे. दर महिन्याला चिठ्ठी निघायची, जिचं नाव येईल ती सगळी रक्कम घेऊन जायची. कोणी मशीन घेतलं, कोणी मुलीचं लग्न केलं.

मला या धंद्यात ओढलं नानाकाकांनी. भाऊंचे चुलतभाऊ. तालुक्याच्या कचेरीबाहेर झाडाखाली बसून दस्त लिहायचे. कानावर टाक, मांडीवर पाटी, आणि जिभेवर साखर. ते म्हणत, "इंदे, जमीन जमिनीवर सापडत नाही. ती घराघरात सापडते. कुठे तीन भाऊ भांडतायत, कुठली म्हातारी मुलाकडे राहायला निघालीय, कोणाच्या पोरीचं लग्न अडलंय, ते ऐकत जा आणि मला सांगत जा." मी ऐकत गेले आणि सांगत गेले. अंगाचं माप घेताना बायका जे बोलतात ते देवापुढेही बोलत नाहीत. माझ्या सांगण्यावरून काकांनी दोन वर्षांत चार सौदे जुळवले, आणि दर वेळी मला काय मिळालं, तर एक खण. चौथा खण मी त्यांच्या पाटीवर परत ठेवला आणि म्हटलं, "काका, आता मला जमीन हवी." ते हसले. म्हणाले, "बघा, मेंढीला शिंगं फुटली." त्या हसण्याचा मला इतका संताप आला की मी तिथल्या तिथे ठरवलं, पुढचा सौदा माझा.

तो एका ब्लाउजाच्या मापात मिळाला. कल्याणच्या एक विधवा काकू पुण्याला मुलाकडे जायला निघाल्या होत्या. बदलापूरला कात्रपच्या बाजूला त्यांची वरकस होती. नवा कायदा येणार, कसेल त्याची जमीन होणार, म्हणून त्यांचा जीव खालीवर होत होता, आणि मिळेल त्या भावात विकून मोकळं व्हायचं होतं. मी टेप खांद्यावर टाकली आणि बोलणी तिथेच सुरू केली. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नसे. पण भाऊंच्या नावावर गावी भाताची दोन खाचरं होती, म्हणजे नाव आमच्याकडे होतं, आणि नानाकाका दाखवतील तिथे भाऊ सही करत. पैसा भिशीत होता. मी चौदाजणींना म्हटलं, या वर्षी चिठ्ठी काढायची नाही. सगळे हप्ते एकाच ठिकाणी घालू, माळाचे सोळा तुकडे पाडू, चौदा तुमचे. उरलेल्यांतला एक विकून बाकीची रक्कम भागवू आणि एक माझा. पडदे बांधून राहणाऱ्या बाईला चार भिंती म्हणजे काय, हे तुम्हा सोफ्यावर बसणाऱ्यांना कळायचं नाही. शेवटी पार्पतीबाई म्हणाल्या, "अड़ी इंदू, कागद पे मेरा नाम नहीं, तेरे बाप का नाम. मैं तेरा मुँह देख के पैसा देती हूँ." आणि डबा माझ्या मांडीवर ठेवला.

माघात नानाकाका आणि मी जागा बघायला गेलो. स्टेशनपासून चालत अर्धा तास, मग चढ. माळावर उभी ऐनाची झाडं होती, फांद्या छाटलेली, नुसते खांब. खांबांच्या पायथ्याशी कवळीच्या मोळ्या रचून ठेवलेल्या, वर दगड. खाली उतरत गेलेली भाताची खाचरं. मला काय वाटलं सांगू? मला बरं वाटलं. आजोळी आल्यासारखं वाटलं. वाळलेल्या ऐनाचा तो वास कितीतरी वर्षांनी नाकात गेला आणि मी वेड्यासारखी हसत उभी राहिले. शहरातली दुसरी कोणी असती तर विचारलं असतं, या मोळ्या कोणी बांधल्या. मला विचारावंसंही वाटलं नाही, कारण माझ्या डोळ्यांना मोळ्या तिथे असायच्याच. काकांनी मात्र बघितलं होतं. मी एकदा विचारलं, "इथे कोणी कूळबीळ नाही ना?" तर म्हणाले, "उताऱ्यावर गवत लिहिलंय. गवताला कूळ नसतं." आम्ही त्याच आठवड्यात इसार दिला. इसारपावतीत लिहिलं होतं, ज्येष्ठापर्यंत बाकी रक्कम देऊन खरेदी झाली नाही तर इसार बुडाला. चौदाजणींचं वर्षभराचं पोट कापून साठवलेलं त्या एका ओळीत होतं.

चैत्रात खुंट्या मारायला गेलो तर माळावर एक बाई उभी. काळी, सडसडीत, कासोटा मारलेली, हातात कोयता. तिने आमची पहिली खुंटी उपटून बाजूला ठेवली, फेकली नाही. म्हणाली, "ही आमची वरकस हाय. खालचं भात मी कसते, हितला राब खाली जातो. वरकस गेली तं आवण कुठून करू?" तिचं नाव भागी. नवरा दोन वर्षांपूर्वी ताप येऊन गेलेला, दोन पोरं, आणि भाताच्या उताऱ्यावर कूळ म्हणून आता तिचंच नाव. मी काकांकडे बघितलं. ते खाली बघून धोतराला लागलेली कुसळं काढत होते.

परतताना मी त्यांना वाटेत गाठलंच. "तुम्हाला माहीत होतं." ते म्हणाले, "तुलाही माहीत होतं. कवळ वाहिलेली पोर तू, मी नव्हे." मग थंडपणे समजावलं, की भाताला जोडलेली वरकस उद्या भाताबरोबर कुळाकडेच जाईल, खालचं भातही कल्याणच्या त्या काकूंचंच, त्यांना म्हणूनच घाई होती, आणि भाव म्हणूनच पडलेला होता. "स्वस्त जमीन का स्वस्त असते, इंदे? कोणीतरी तिच्यावर उभं असतं म्हणून." उपाय एकच, राजीनामा. कुळाने अंगठा द्यायचा, की या वरकशीवर माझा हक्क नाही, जो होता तो मी राजीखुशीने सोडते. आणि तो आणायला जायचं मी. "मी गेलो तर ती कोयता दाखवील. तू बाईमाणूस, तुला तिची भाषा येते. सांग, सरकार कुळांना घरावर घालायला पत्रे देणार आहे, त्याचा अर्ज आहे." मी म्हटलं, "हे केसाने गळा कापणं झालं." ते म्हणाले, "मग जा आणि चौदाजणींना सांग, पैसे बुडाले."

मी खरंच गेले. सरळ पार्पतीबाईंकडे. पापड हातात घेऊन, न खाता, सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, जिला स्वतःचं घर सोडावं लागलं ती म्हणेल, जाऊ दे पोरी, दुसऱ्याचं ओढून नको. त्यांनी पापडांच्या डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, "मेरे घर में, मेरे चूल्हे पे, आज दूसरी औरत रोटी पका रही है. मेरे से किसी ने पूछा? मेरी दो लड़की हैं, अड़ी. मेरे को उस औरत का नाम भी मत बता." त्यांचा मला तेव्हा भयंकर राग आला. घरी येईपर्यंत दातओठ खात होते. नंतर कळलं की मी त्यांच्याकडे परवानगी मागायला गेले होते. त्यांनी नको म्हटलं असतं तर मी साधू झाले असते, आणि हो म्हटलं तर पाप त्यांचं. किती सोयीचं. खरं तर दोष द्यायला मी तोवर काकांनाही धरलं होतं, काकूंनाही, कायद्यालाही. आणि माझ्या त्या सोळाव्या तुकड्याचं काय? तो सोडून देते, विकून भागीला देते, असं एकदाही माझ्या मनात आलं नाही. आज लिहिताना येतंय.

भागीचं घर कुडाचं, वर गवत. ते गवतही त्याच माळाचं. मी दारात उभी राहून कोणाची कोण ते सांगितलं, आणि आईच्या गावाचं नाव ऐकताच तिच्या हातातलं सूप खाली आलं. तिचंही माहेर तेच. आई लग्न होऊन गेली तेव्हा ही परकरी पोर होती, आईच्या वरातीत बैलांपुढे नाचली होती. "म्हंजे तू यमूची लेक? मंग त्या दिसाला बोलली का नाहीस गो?" मी म्हटलं, त्या दिवशी नुसती काकांच्या सोबतीला आले होते, ते खुंट्यांचं आता मोडलं. एकाच गावच्या माहेरवाशिणी म्हणजे बहिणी, आणि बहिणीची लेक ती आपली भाची, हे नातं आमच्याकडे रक्ताच्या बरोबरीचं. तिने मला मोरीवर नेऊन पाय धुवायला पाणी दिलं. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी आणि मुद्दाम फोडलेला एक कांदा. पोरांना दारातून हाकललं, मावशीची लेक जेवते, बघू नका म्हणून. मी जेवले. पोटभर जेवले. खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणजे काय ते लोक नुसतं म्हणतात. मी जेवता जेवता वर बघत होते, किती पत्रे लागतील ते.

मग पिशवीतून कागद काढला. सरकार पत्रे देणार आहे म्हटलं. तिने विचारलं, "आमाला बी?" मी म्हटलं, "कुळांनाच." माझ्या तोंडून ते इतकं सहज निघालं की मीच चमकले. शाईची डबी उघडली. तिने अंगठा आधी पदराला पुसून घेतला, कागद मळायला नको म्हणून. काय लिहिलंय हे तिने विचारलं नाही. भाचीने आणलेला कागद, त्यात काय विचारायचं. निघताना तिने माझी ओटी भरली, लग्न व्हायचंय म्हटलं तरी ऐकेना. तांदळाची ओंजळ ओतताना म्हणाली, "माज्याकडं खण नाय गो, दिवाळीला घीन."

नुसता अंगठा पुरत नव्हता, मामलेदारसाहेबांसमोर उभं राहावं लागे. म्हणजे माघार घ्यायला मला आणखी एक दिवस मिळाला होता. कचेरीत काका लांब उभे राहिले आणि मी भागीच्या शेजारी. साहेब माणूस बरा होता, हे सांगितलं पाहिजे. त्यांनी कागद वाचला, चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं आणि विचारलं, "बाई, हे तुम्ही राजीखुशीनं सोडता ना? कोणाची जबरदस्ती नाही ना?" तिला कचेरीची भाषा कळली नाही. ती माझ्याकडे वळली. साहेबांनी पुन्हा विचारलं, या वेळी सावकाश, आणि त्यांना शंका आली असावी, कारण ते मला म्हणाले, "तुम्ही कोण यांच्या?" मी काही बोलायच्या आत भागीच म्हणाली, "भाची हाय माजी." आणि मग मला हळूच, "काय बोलू?"

मी म्हटलं, "हो म्हण, मावशी."

ती हो म्हणाली. साहेबांनी सही केली.

ज्येष्ठाच्या आत खरेदी झाली. तुकडे पडले, तारेचं कुंपण झालं. पार्पतीबाईंनी वीट वीट करून दोन खोल्या बांधल्या आणि दोन्ही मुलींची लग्नं त्याच अंगणात लावली. त्यांना मी नंतर कधी दोष दिला नाही, आजही देत नाही. माझा तुकडा गहाण टाकून मी पुढची जागा घेतली, ती विकून त्याच्या पुढची. माझं सगळं त्या सोळाव्या तुकड्यावर उभं आहे. एकदा मी काकांना म्हटलं, निदान चार पत्रे तरी नेऊन टाकू तिच्या दारात. ते ओरडलेच, "एक पत्रा दिलास तर कागद खोटा होता ही कबुली दिल्यासारखं होईल. अक्कल गहाण ठेवलीस का?" आणि मी, ऐकणारी गुणी मुलगी, ऐकून घेतलं. त्यांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली. त्यांच्या नावाने बोटं मोडायचं मी सोडून दिलंय, कारण चार पत्रे काय, चाळीस पत्रे मी माझ्या पैशाने कधीही देऊ शकले असते.

खरेदी झाली त्याच्या पुढच्या वर्षी, श्रावणात, भागी अंबरनाथला आमच्या घरी आली. डोक्यावर इरलं, हातात करटुल्यांची पुडी, भिजून चिंब. माझं घर तिने विचारत विचारत शोधलं होतं. मी बाहेरून आले तर ती आणि आई चुलीपाशी बसल्या होत्या, गावातल्या मेलेल्या आणि जित्या माणसांची नावं घेत. आईने तिला वालाचं बिरडं वाढलं होतं. आईला मी किंवा भाऊंनी यातलं काही, अगदी काहीच सांगितलेलं नव्हतं.

"यमू, तुजी लेक लय गुणाची गो," भागी आईला सांगत होती. "माज्यासाठी कचेरीत हुबी राह्यली. कोन करतं?" मग माझ्याकडे वळून तिने संकोचत बोलायला सुरुवात केली. राब झाला नव्हता, आवण पिवळं पडलं, ते तिने सांगितलं, पण तक्रार म्हणून नाही. माळाला तार मारलीय, गवत कापू देत नाहीत, कोणी मुंबईवाल्यांनी घेतलाय म्हणतात, तेही सांगितलं. "घरावर गवत घालायला नाय न्हवं औंदा. पोरं भिजतात. म्हनून आले. तेवढे पत्रे कधी येतील, इंदू?"

आई माझ्याकडे बघत होती. आपल्या मुलीकडे अभिमानाने बघताना आईला मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मॅट्रिक नापास झाल्यापासून तर नाहीच.

मी म्हटलं, "येतील, मावशी. कागद पुढे गेलाय."

"बघ," आई तिला म्हणाली, "मी सांगत होते ना." आणि तिच्या पानात आणखी भात वाढला.